पाच तऱ्हेचे कागद

बाई, तुम्हाला सगळी शाळा बहनजी म्हणायची. बाई म्हणणारी मी एकटी, कारण त्या हिंदी शाळेत मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच होतो. तुमच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकले, पुढे सोडलं, आणि लग्नानंतर त्याच शाळेत आया म्हणून लागले. ऑफिसात फोटोकॉपीचं मशीन आलं तेव्हा बड़ी बहनजींनी, म्हणजे हेडबाईंनी, ते माझ्या गळ्यात बांधलं, कारण माझे हात भराभर चालतात. तोंडही चालतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. लिहायची सवय नाही, पण आज बसलेय. चुका काढू नका.

तुम्ही शहरातल्या लक्ष्मी गेटवरून पायी यायचात, प्रार्थनेच्या घंटेआधी, झोळीत गणिताचे कागद घेऊन. बाकीच्या बहनजी एक कागद द्यायच्या, चाळीसचा आकडा दाबला की मी मोकळी. तुमचे कागद पाच, पाच तऱ्हेचे. काल कुठल्या मुलीचं कुठे अडलं ते वह्यांत बघून तुम्ही घरून हाताने लिहून आणायचात. याच्या नऊ काढ, त्याच्या बारा, याच्या फक्त चार. दर वेळी झाकण उघडा, कागद बदला, आकडा बदला. मशीन तापतंय, कागद अडकतोय, मागे बहनजींची रांग लागलीय. मी म्हणते, "बाई, वर्ग एक तर कागद एक करा ना. केवढा टाइम वाचेल!" तुम्ही पदराने चष्मा पुसत विचारता, "वाचवून काय करणार आहेस गं?" "चहा पिईन." "मग माझाही सांग."

त्या वर्षी माझी मुलगी तुमच्या वर्गात होती. चार प्रतींचा कागद सगळ्यात कच्च्या मुलींचा. वर काड्यांच्या जुड्या काढलेल्या. जुडी सोडायची, दहा काड्या मोकळ्या करायच्या आणि मग वजाबाकी. कोपऱ्यात पेन्सिलीने चौघींची नावं. एका सकाळी त्यांत मी माझ्या पोरीचं नाव वाचलं. मागे उभ्या बहनजीनेही वाचलं आणि हसून म्हणाली, "अरे, आपकी वाली भी इन्हीं में है?" मी मशीनचं झाकण दाणकन बंद केलं. दुसऱ्याच दिवशी मी बड़ी बहनजींना जाऊन सांगितलं, "इनके पाँच-पाँच काग़ज़ों के मारे मशीन फुँक जाएगी जी, सबका टाइम बरबाद होता है." हुकूम निघाला. वर्गाला एकच कागद, तोही सोमवारी, आठवड्याभराचा. मला शाबासकी मिळाली. सोमवारी तुम्ही तो एक कागद माझ्यापुढे धरलात. "घे. वाचला तुझा टाइम." बस, एवढंच.

महिन्याभराने मुलीच्या दप्तरात निळ्या अक्षरांचा पातळ कागद सापडला. त्याच जुड्या, त्याच काड्या. तुम्ही घरी कार्बन लावून चौघींसाठी लिहीत होतात. तरीच तुमची बोटं निळी दिसायची, मला वाटायचं पेन गळतंय. मी पोरीला दटावलं, "हा बुद्धूंचा कागद परत घरी आणलास तर बघ." तिने घेणंच सोडलं. मग तुम्ही शाळा सुटल्यावर मला वर्गात थांबवलंत. "पोर म्हणाली, आईला लाज वाटते. अगं, तिला येत नाही ही माझी लाज. तू कशाला ओढून घेतेस?" तुमच्यापुढे मी झाडू घेऊन उभी होते. म्हटलं, "बाई, मला उशीर होतोय, पाय उचला." तुम्ही पाय उचललेत.

माझी मुलगी आठवीत दोनदा गणितात गेली आणि घरी बसली. त्याच वर्षी तुम्हीही गेलात. आता ती मानिक चौकात साड्यांच्या दुकानात साड्या उलगडून दाखवते. मला कधी काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांना मी सांगत आले की मशीनसाठी बोलले, टाइमसाठी बोलले. खोटं. ते नाव नसतं तर तुमचे पाच काय, सात कागद काढले असते, कुरकुरत का होईना.

गेल्या आठवड्यात एक नवी बहनजी तीन तऱ्हेचे कागद घेऊन आली. "दीदी, टाइम लगेगा, सॉरी." मी म्हटलं, "लगने दो." त्याने माझं काही धुतलं जात नाही, कळतं मला.

मुलीला सांगितलं होतं की तो निळा कागद फाडून टाकला. फाडला नव्हता, कणकेच्या डब्याखाली सारला होता. काल घरात कोणी नसताना काढला आणि सोडवायला बसले. दोन वजाबाक्या जमल्या. तिसरीत एककाला कमी पडतं म्हणून शेजारच्या दशकाकडे मागायला जावं, तर तिथेही शून्य. मग जुडी कुणाची सोडायची? बराच वेळ बसले, घाई नाही केली. मुलीला विचारायचा धीर नाही. कागद परत डब्याखाली ठेवते आहे, हे पत्रही तिथेच. तिसरं मला आलं नाही, बाई.