पाऊण घोड्याची मोटर

॥ जय सेवालाल ॥

तांडा, वारंगा फाट्याजवळ
दि. १२ जानेवारी २०२५

चि. निलम हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडते आहे. फोन केला असता, पण जन्मभर झेडपीच्या शाळेत पोरांवर ओरडून माझा आवाज असा झाला आहे की तुझ्या कानाला लावलेला फोन पलीकडच्या खोलीत तुझ्या बापाला ऐकू जातो. आणि ही गोष्ट त्याच्या कानावर जाऊन चालायचं न्हाई.

दिवाळीला नाशिकला येऊन गेले तेव्हापासून मन लागत नाही. दीड वर्षामागं झटक्यानं तुझ्या बापाचं, माझ्या अमरचं, उजवं अंग गेलं, ते एक वेळ सोसते. पण तो बोलायचाच थांबला, हे मला सोसवत नाही. एक शब्द अडकला की मागचे सगळे गिळतो आणि भिंतीकडे तोंड करतो. फोन तर हातात धरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यात चालवा, पाण्यात अंग हलकं होतं, माणूसही मोकळा होतो. तर हा तिथल्या तलावावर एकदाच गेला. अनोळखी पोरांनी बगलेत धरून उतरवलं म्हणून परत तिकडे फिरकला नाही. आपल्या विहिरीत उन्हाळाभर सूर मारणारा माणूस हा.

म्हणून मी ठरवलं आहे. अंगणात चिंचेच्या पलीकडे पोहायचा हौद बांधते. आपलं घर, आपलं पाणी, बघायला कुणी न्हाई. त्याला मात्र सांगणार की माझ्या गुडघ्यांसाठी आहे. मोटर कोणती, फिल्टर कोणता, सगळं त्यालाच विचारणार. नगरपालिकेच्या फिल्टर प्लांटवर जन्म गेला त्याचा. स्वतःसाठी तो बोट हलवणार नाही, माझ्यासाठी डाव्या हातानं का होईना, लिहील. डॉक्टरीणबाईंनी डाव्या हाताला लिहायला लावा म्हटलंच आहे.

तू फक्त चेहरा सरळ ठेव. तुला हसू दाबता येत न्हाई, लहानपणापासून.

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.

तुझी,
निर्मला आत्या


नाशिक
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्काच्या पायांशी अमरसिंगचा शि. सा. नमस्कार.

डाव्या हातानं लिहितो आहे. कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं दिसेल. समजून घे.

तुला गुडघ्यांसाठी हौद हवा. या वयात. बरं.

मोटर आधी घेऊ नको. सगळे हेच करतात. आधी हौद मोजायचा. मग फिल्टर. मग त्या फिल्टरला झेपेल अशी मोटर. शेतात पाणी पळवायचं असतं. हौदात पळवायचं नाही, फिरवायचं. सहा-सात तासांत सगळं पाणी एकदा वाळूतून जाऊन आलं की पुरे. म्हणून फिल्टर मोठा, मोटर लहान. हे पाठ कर.

मोटरच्या आधी जाळीची टोपली असावी. केस, पाला तिथेच अडतो. तळाला पाणी ओढून घेणारी तोंडं दोन ठेव, वर झाकण. एकच तोंड असलं की पाय चिकटतो.

एक सांग. दुपारनंतर अंगणात वारा कुठून येतो? चिंचेचा पाला ज्या भिंतीकडे वाहत जाईल, त्या भिंतीत वरच्या पाण्याला एक तोंड ठेवायचं. मग पाला काढावा लागत नाही. तो स्वतःच चालत येतो.

हात थांबला. लोभ असू दे.

अमर


तांडा, वारंगा फाट्याजवळ
दि. २६ फेब्रुवारी २०२५

चि. अमरसिंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कोंबडीचे पाय कुठे, चांगली बदकाची चाल आहे.

तू वाऱ्याचं विचारलंस आणि माझे चार दिवस त्यात गेले. या घरात इतकी वर्षं राहिले, वारा कुठून येतो ते कधी पाहिलंच नव्हतं. आता दुपारचा चहा घेऊन पायरीवर बसते. ऊन कलतं, तसा कयाधू नदीच्या अंगानं वारा येतो, आधी चिंच हलते, मग दोरीवरची लुगडी, मग पाला अंगणात सरकत सरकत पूर्वेच्या कुंपणाशी जाऊन बसतो. रोज तसाच. म्हणून तोंड पूर्वेच्या भिंतीत ठेवायला गवंड्याला सांगितलं आहे. हरिचंद गवंडी म्हणतो, बाई, वाऱ्याला विचारून भिंत बांधणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं.

खड्डा झाला, भिंती उभ्या राहिल्या, फरशी बसून राहिली. अजून पाणी न्हाई. तरी मी संध्याकाळी त्या कोरड्या हौदात खुर्ची टाकून बसते. वर फक्त आभाळ दिसतं, चौकोनी. बाहेरचा सगळा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, बायका बोलतात त्याही झोपेत बोलल्यासारख्या. बसल्या बसल्या मला वाटायला लागतं की पाणी आलंच आहे आणि मी त्याच्या तळाशी आहे, आणि काहीच तकलीफ न्हाई. काल तशीच डोळा लागून गेला. शेजारीण शोधत आली, तिनं आधी विहिरीत डोकावलं म्हणे.

खोली साडेचार फूट ठेवली आहे. पायऱ्यांना दोन्हीकडे स्टीलचे दांडे. पाणी स्वच्छ राहायला तुरटी फिरवली तर चालेल का, आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती पावडर?

फिल्टर नांदेडहून आणवला, तू म्हणालास तसा मोठा, मडक्यासारख्या पोटाचा. आता मोटर. फाट्यावर लालसिंगचं दुकान आहे, माझाच विद्यार्थी. किती घोड्याची ते आकड्यात लिही. त्याला शब्द दाखवले तर तो शाळेतल्यासारखा खाली मान घालतो.

आमच्यावर माया आहे ती तशीच राहू दे.

अक्का


नाशिक
दि. १५ मार्च २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

तुरटी नको. फिल्टरची वाळू गोळा होऊन बसेल. क्लोरीन घाल, पण तपासणीची पेटी आणून, रंग बघून. ग्रामपंचायतीसारखं ओंजळीनं नाही.

साडेचार फूट काहून? तू तेवढीच आहेस. छातीइतकं पाणी तुला साडेतीनला येतं. हरिचंदला विचार.

घरात सिंगल फेज आहे ना? मोटर त्यावर चालणारीच घे. शेताच्या लाइनचा भरवसा नाही.

मोटर ०.७५.

परवा पहाटे स्वप्न पडलं. मी तुझ्या हौदात होतो. हौद फार मोठा होता, पलीकडची भिंत दिसत नव्हती. उजवा हात माझ्याआधी पुढे जात होता आणि मी त्याच्या मागे. कुणी धरलेलं नव्हतं. पाणी कोमट. चिंचेचा पाला शेजारून चालला होता, आम्ही दोघं एकाच दिशेला. जाग आली तेव्हा हात गादीवर पडलेला होता. तरी बराच वेळ मला बरं वाटत राहिलं.

हे निलमला सांगितलं नाही. तुला लिहिलं.

आठवण असू दे.

अमर


तांडा, वारंगा फाट्याजवळ
दि. १९ एप्रिल २०२५

चि. अमरसिंग यास अक्काचे आशीर्वाद, आणि आधी पाणी पी, मग पुढे वाच.

हौद भरला. तीन टँकरचं पाणी शांत पडलं होतं, आकाशाचा तुकडा कापून ठेवावा तसं. मी काठावर बसून पाय सोडले. तुझी इतकी आठवण आली की रडलेच म्हण.

मग मोटर लावली. तुझा आकडा मी आणि लालसिंगनं उजेडात धरून वाचला, साडेसात. तू लहान म्हणाला होतास म्हणून मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, बाई, साडेसात म्हणजे लहानच की, बाजूच्या रानात साडेबाराची चालू आहे. सिंगल फेजवर साडेसात चालत न्हाई म्हणून शेताची लाइन ओढून आणली. बटन दाबलं. फिल्टर आधी थरथरला, मग त्याच्या पोटात काहीतरी कडाडलं आणि आतली सगळी वाळू पाण्याच्या तोंडांतून हौदात. दोन मिनिटांत नदीचं पात्र झालं. तांड्यातल्या लेकरांना वाटलं, बाईंनी मुद्दाम केलं. ती वाळूत किल्ले करून राहिली आहेत.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पण तू का इतकी मोठी लिहिलीस ते कळव, म्हणजे काय चुकलं ते बघू.

लोभ आहे, वाळूसकट.

अक्का


नाशिक
दि. २ मे २०२५

ती. आत्याच्या सेवेशी निलमचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, ऑफिसात बसून लिहिते आहे. तुझं पत्र बाबांनी वाचलं. नंतर मला जवळ बोलावून कागदावर लिहून दाखवलं, पाऊण. मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी ०.७५ लिहिलं, टिंबावर पेन दाबून दाबून कागद फाटला. म्हणजे त्यांनी पाऊण घोड्याची मोटर सांगितली होती, आणि टिंब सरकून साडेसात झालं.

त्या दिवसापासून पेन कपाटात आहे. त्यांना वाटतं आहे की जीभ गेली, आता हातही गेला, आणि अक्काचा हौद आपण बुडवला. पुन्हा खुर्ची भिंतीकडे. तीन महिने ते रोज सकाळी उठून तुझ्या हौदाची चित्रं काढत होते गं, वाऱ्याच्या दिशेचे बाणसुद्धा. मी समजावलं तर डोळे मिटून घेतात.

मला भीती वाटते आहे, आत्या. यावेळी ते परत फिरतील असं वाटत नाही. तूच काहीतरी कर.

तुझ्या मायेची फार गरज आहे.

निलम


तांडा, वारंगा फाट्याजवळ
दि. ८ मे २०२५

अमर,

मायना घालत न्हाई, रागात आहे.

तुझं पत्र भिंगाखाली धरून पुन्हा पाहिलं. टिंब बराबर जागेवर आहे, शून्याच्या पुढे, मोहरीएवढं. तुझा हात चुकला न्हाई. डोळे आमचे चुकले. या रानात पाऊण घोड्याची मोटर कुणी जन्मात पाहिली नाही, म्हणून दोन शहाण्यांनी ती साडेसात वाचली. तू नीट लिहिलंस, आम्हाला तेवढं लहान वाचता आलं न्हाई. लालसिंगनं स्वतः कान धरले आहेत, मी सांगण्याआधी.

आता खोलीचं. तू मार्चमध्ये विचारलं होतंस, मी उत्तर टाळलं. साडेचार फुटांत पाणी माझ्या नाकाशी येतं आणि तुझ्या छातीशी. हौद तुझ्यासाठी आहे. पहिल्या दिवसापासून. गुडघ्यांचं खोटं होतं. तू बोलेनासा झालास ते मला बघवत न्हाई, एवढंच कारण.

आणि दया म्हणून केलं असं समजशील तर तेही न्हाई. तू विहिरीत सूर मारायचास तेव्हा मी काठावर तुझा सदरा धरून बसायचे. मुलींनी उतरायचं न्हाई म्हणून आपल्या याडीनं, आईच असून, सांगितलेलं. मला आजपर्यंत पोहता येत न्हाई. दारात पाणी भरून ठेवलं आहे आणि मी त्याला घाबरते, ही माझी गंमत. लालसिंगला शिकवायला सांगणार न्हाई, तो हसेल.

तू ये. पाऊणची मोटर नांदेडहून मागवली आहे, नवी वाळू आली आहे. फिल्टर तूच लाव, तोंडानं सांगायचं नसेल तर बोटानं दाखव. आणि मला शिकव.

येत नसशील तर हौद बुजवून त्यात हळद लावते.

निर्मला


तांडा
दि. १४ जून २०२५

चि. निलम हिस बाबांचे आशीर्वाद.

तू मला इथे सोडून गेलीस त्याला आठवडा झाला. मी बरा आहे.

मोटर लावली. लालसिंगनं लावली, मी बोटानं दाखवलं. दोनदा बोललोही. चालू झाली तेव्हा लालसिंग कान लावून बसला, त्याला वाटलं बंदच आहे. पेंगणाऱ्या मांजराइतका आवाज. सहा तासांनी तळाची फरशी दिसली. संध्याकाळी चिंचेचा पाला पूर्वेला निघाला आणि तोंडात गेला. अक्कानं टाळ्या वाजवल्या.

मी रोज उतरतो. दांडा धरून, एकटा. पाण्यात उजवा पाय जमिनीवर ठेवायला विसरतो, इतका हलका होतो. हात आपणहून वर येतो. तो माझाच आहे हे बघून मला हसू येतं. मग मी नुसता उभा राहतो. आभाळ पाण्यात, मी पाण्यात, किती वेळ गेला कळत नाही.

अक्का पाच दिवस पायरीवरच बसून शिव्या देत होती. काल उतरली. मला धरून इतकी ओरडली की सगळा तांडा कुंपणावर आला. त्यांना घरी पाठवलं. मग तिला उताणी झोपवलं. डावा हात तिच्या मानेखाली धरला. उजवा पाठीखाली गेला, मी न घालता. तिनं डोळे मिटले. कान पाण्याखाली गेले.

निलम, अक्का गप्प झाली. मी तिला कधी गप्प पाहिलं नव्हतं.

तिला काही ऐकू येत नव्हतं. आणि मी बोलायला लागलो. शब्द अडकले. मी थांबलो, पुन्हा धरले, पुढे गेलो. कुणी वाट बघत नव्हतं, कुणी माझ्यासाठी वाक्य पुरं करत नव्हतं. दोन वर्षांचं सगळं बोललो. तुझी आई गेली त्याबद्दलही. काय बोललो ते लिहीत नाही.

उठून बसल्यावर अक्कानं विचारलं, ओठ हलून राहिले होते, काय म्हणत होतास. मी म्हणालो, मोटर बराबर चालली आहे. हे तोंडानं म्हणालो, सबंध वाक्य. तिला कळलं असणार. तिनं पदरानं तोंड पुसलं, ओल्याच पदरानं.

आता पत्राची वाट बघू नको. रविवारी फोन करतो. अडकलो तर मध्ये बोलू नको, फोन कानाला धरून ठेव. मी येतो.

तुझ्यावरचा लोभ कधी तोंडानं सांगितला नाही. तोही रविवारी सांगेन.

तुझे,
बाबा