बर्फाचं नाव काढलं की

५ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तुटलं! सलग तिसरा रविवार.

आर्तूचा चेहरा पडद्यावर गोठून राहिला. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटत आलेला. माझा मुलगा दिसायला वाईट नाही, पण असा गोठला की अनोळखी वाटतो. मग तोही गेला आणि काळ्या काचेत माझंच थोबाड उरलं.

आज मी धीर करून सुरुवात केली होती. "आर्तू, त्या दिवशी बर्फावर—" एवढंच झालं. पुढचं मी गोठलेल्या चेहऱ्याला विचारलं.

दीड वर्ष मी काहीच विचारलं नाही. गेल्या वर्षी एप्रिलात माझा नवरा रेइनो आणि आर्तू बर्फाखालची माशांची जाळी काढायला तळ्यावर गेले. आर्तू एकटाच परत आला, छातीपर्यंत भिजलेला. "बाबा गेले," म्हणाला. मी त्याला कोरडे कपडे दिले, कॉफी दिली. आमच्याकडे असंच असतं. माणूस स्वतःहून बोलला तर बोलला, आपण खोदून विचारायचं नाही. पोलिसांनी काय ते लिहून घेतलं आणि मला सांगितलं, बर्फ पातळ झाला होता. ते मलाही कळतं! मला एवढंच हवंय — रेइनोने मला हाक मारली का? शेवटी काही बोलला का? चाळीस वर्षं त्या माणसाला जेवू घातलं, एवढं तरी मला कळायला हवं.

चर्चमधल्या गटात पाद्रीणबाई म्हणाल्या, विचारा हो हिल्क्का, नाहीतर आतल्या आत कुजत राहील. म्हणून विचारायला लागले. आणि तेव्हापासून हे सुरू झालंय.

६ नोव्हेंबर

इंटरनेटवाल्यांना फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवलं, मग एक नॉरा नावाची मुलगी आली. गोड बोलते. तिने तिकडे बसून काहीतरी तपासलं आणि म्हणाली, तारेत दोष नाही. कोणीतरी मुद्दाम तुमच्या घरच्या पत्त्यावर कचरा पाठवतंय, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर. दारात इतकी गर्दी आणून उभी करायची की घरच्यांनाच आत-बाहेर करता येऊ नये, असं ते असतं म्हणे. असे हल्ले भाड्याने मिळतात. बहुतेक वेळा गेम खेळणारी पोरं एकमेकांवर करतात.

"तुमच्याकडे कोणी गेम खेळतं का?"

मी म्हटलं, मी शब्दकोडी सोडवते. ती हसली. मग विचारलं, कोणाशी वैर? दिवसभर विचार केला. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा. मुलांना जबरदस्तीने बीट खायला लावलं, एवढाच गुन्हा. त्यातलं कोणी आता सूड घेत असेल तर त्याला सलाम.

नॉरा नवा पत्ता देणार आहे. तो बाहेरच्या कोणाला माहीत नसेल म्हणाली.

७ नोव्हेंबर

आर्तूला सगळं कळवलं. इंटरनेटचा डबा त्यानेच उन्हाळ्यात बसवून दिला. तिकडे ओउलू शहरात बसून त्याला तो दिसतो, त्याचं कामच ते. संध्याकाळी त्याचा निरोप आला: "सगळं ठीक दिसतंय, आई. काळजी करू नकोस." जीव भांड्यात पडला.

१२ नोव्हेंबर, रविवार

आधी सगळं छान चाललं. बटाटे, शेजारच्या सिर्क्काचा खुबा, गाडीचे हिवाळी टायर. चित्र इतकं स्वच्छ की त्याने दाढी नीट केली नाही हेही दिसलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

मग मी "बर्फ" म्हटलं.

गेलं! चेहरा गोठला. आवाज मात्र लगेच गेला नाही. "आ— आ— आ—" असा अडकून राहिला. तो "आई" म्हणत होता हे मला माहीत आहे, पण तसं वाटलं नाही. पाण्याखालून कोणी बोलावं तसं वाटलं. मी टॅबलेट स्वयंपाकघरातल्या खणात टाकला, वर टॉवेल टाकला.

१३ नोव्हेंबर

नॉरा म्हणाली, पुन्हा हल्लाच. मी विचारलं, नवा पत्ता होता ना? ती म्हणाली, हो, तो इतक्या लवकर कोणाला सापडायला नको होता. मग गप्प झाली. फोनवाली मुलगी कधी गप्प होत नाही, त्यांना ते शिकवलेलंच नसतं. मला त्या गप्पपणाची जास्त भीती वाटली.

१५ नोव्हेंबर

शेजारच्या सिर्क्काला व्हिडिओवर बोलावलं. ती खिडकीतून दिसते, तरी. मी एकेक शब्द म्हणून पाहिला. बर्फ. तळं. जाळी. रेइनो.

"तुला बरं आहे ना गं?" सिर्क्का म्हणाली.

लाइन जराही हलली नाही. म्हणजे नुसत्या शब्दाने होत नाही. शब्द आणि आर्तू, दोन्ही लागतात.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज वेळ बदलली. कोणाला सांगितलं नाही, आर्तूलाही नाही. सकाळीच फोन लावला. तो दात घासत होता. फेस तोंडात ठेवूनच बोलला, लहानपणी बोलायचा तसा. मी शब्दही टाळला. फक्त म्हटलं, "तुझ्या बाबांचं एक विचारायचं होतं."

तो म्हणाला, थांब, चूळ भरून येतो. आला, बसला. आणि गेलं.

मी डब्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळे दिवे एकदम लुकलुकत होते, घाईघाईने, कोणीतरी दार ठोठावावं तसे. बाहेर वारा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त ते दिवे.

इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही. मला वाटतं, हा रेइनो आहे. रेइनोला नकोय. जिवंत होता तेव्हाही मी एखादा विषय काढला की हा उठून सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, लाकडं घालायला जायचा. सौना तापलेला असला तरी!

२० नोव्हेंबर

आज सौना तापवला नाही. एकटीने तिथे बसायची हिंमत झाली नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

फोन लावण्याआधी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "रेइनो, आज नाही विचारत. आज बोलू दे आम्हाला."

आणि विचारलं नाही. लाइन शेवटपर्यंत टिकली. आर्तू पडद्यासमोर सूप प्यायला. कामावरच्या साहेबाची नक्कल करून दाखवली. हसला! तो हसल्याला किती दिवस झाले असतील! मीही त्याला ओव्हनमध्ये पिराक्का करपल्याची गोष्ट सांगितली, थोडी वाढवून. शेवटी तो म्हणाला, आज लाइन छान होती, नाही का? मी हो म्हटलं.

ठेवल्यावर खूप रडले. सौदा कळला मला. गप्प बसले तर मुलगा मिळतो, विचारलं तर तोही जातो. रेइनो गेला आणि आता आर्तूही महिन्याभरात असा एखाद्या चौकटीत गोठून जाईल, कायमचा. मला दोन्ही हवंय. एवढं मागणं जास्त आहे का?

२ डिसेंबर

सिर्क्काला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. नाही हसली. तळलेले मुइक्कू मासे शेपटीसकट खात राहिली. मग बोटं पुसून म्हणाली, "रेइनोला इंटरनेट म्हणजे काय ते तरी कळायचं का? साधा टीव्ही लावता यायचा नाही त्याला."

तिने एक युक्ती काढली. उद्या मी लायब्ररीत जाऊन फोन करायचा, तिथली लाइन वेगळी. ती माझ्या घरी बसून इंटरनेटवर मालिका बघणार. "भूत असेल तर तुझ्या मागे येईल. माणूस असेल तर इथेच येऊन दार ठोठावेल."

आर्तूला सांगायचं नाही असं ठरलं. कोणी आमचं बोलणं ऐकत असेल तर त्यालाही कळायला नको.

३ डिसेंबर, रविवार

लायब्ररीत रविवारी माणूस नसतो. कार्ड दाखवलं की दार उघडतं. मी चालत गेले तसे दिवे पुढे पुढे आपोआप लागत गेले, मागचे विझत गेले. माझ्याच बुटांचा आवाज. दोनदा मागे वळून पाहिलं. अभ्यासाच्या छोट्या खोलीत बसले, दार लावलं, कोट काढला. मागे पांढरी भिंत, अंगात घरचाच स्वेटर. आर्तूला काही वेगळं दिसलं नाही. तो कॉफी घेऊन बसला होता.

बटाटे झाले. टायर झाले.

मग विचारलं. आज पहिल्यांदा अख्खं वाक्य. "आर्तू, त्या दिवशी बर्फावर बाबांनी मला हाक मारली का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली, बाजूला गेली. खांदा किंचित हलला. कळा दाबल्यासारख्या दोन बारीक टकटक ऐकू आल्या, लाइन इतकी स्वच्छ होती. मग त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि गोठला. तोंड थोडं उघडं. पापणीही हलत नव्हती.

मला वाटलं, आलं! इथेही आलं मागे! मी उठून पळणार होते.

पण त्याच्या कपातून वाफ वर येत होती. हळूहळू वळत, वर जात होती.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सिर्क्काचा निरोप: "इथलं आत्ताच गेलं. मालिका अडकली. डबा वेड्यासारखा लुकलुकतोय."

समोर आर्तू तसाच बसून होता, मी घरीच आहे असं समजून. श्वास रोखून. मी जायची वाट बघत.

पुढचं आज लिहवत नाही.

४ डिसेंबर

काल शेवटी मी म्हटलं, "तुझा आवाज तुटतोय रे आर्तू. चित्रही अडकलंय. ठेवते मी." आणि लगेच ठेवलं नाही, थोडा वेळ बघत बसले. तो हलला नाही. गालावरून पाणी ओघळत हनुवटीपर्यंत आलं, तेही त्याने पुसलं नाही.