दात्याची लाल पट्टी

सोमवार, ७ ऑक्टोबर

आले एकदाची ॲश्टाब्युलाला. यंगस्टाउनहून निघताना गाडीत दोन बॅगा, सोल्डरिंगची पेटी आणि कॉफीचं भांडं एवढंच होतं. घर मोडलं तेव्हा नवऱ्याने, डेलने, कपबशांचेसुद्धा वाटे केले होते, त्यामुळे उचलायला फार काही उरलं नव्हतं. पण आज मन खरंच प्रसन्न आहे. राहायची खोली नव्या नोकरीच्या दुकानाच्या वरच आहे. खिडकीत उभं राहिलं की दोन छपरांच्या मधून ईरी सरोवर दिसतं. वाऱ्याला पाण्याचा वास येतो.

दुकान रेमंड लेहतो यांचं. सत्तरीचे आहेत. बोलतात कमी आणि ऐकतात त्याहून कमी. नाणं टाकून उभ्याने खेळायची जुनी व्हिडिओ गेमची मशिनं आणायची, दुरुस्त करायची आणि तळघरात ठेवण्यासाठी घेणाऱ्या हौशी लोकांना विकायची, हा त्यांचा धंदा. दुसरा कारागीर मर्ल प्रुइट. मोठं पोट आणि विहिरीतून यावा तसा जाड आवाज. ओळख होते न होते तोच मला म्हणाला, "जन्मभर कारखान्यात बोर्ड जोडत होतीस ना, बाई? आता इथे तोडायला शीक."

माझी मुलगी कोरीन सामान पोचवायला आली होती. उद्या ऑफिस आहे म्हणून लगेच कोलंबसला परत निघाली. निघताना नेहमीसारखे माझ्या स्वेटरवरचे दोरे वेचत बसली. ही तिची लहानपणापासूनची सवय. काढलेला दोरा खाली टाकत नाही, स्वतःच्या बाहीला चिकटवते. ती सवय माझीच तिला लागली. कारखान्यात तारेचे तुकडे, चिकटपट्टीचे तुकडे खाली टाकलेले चालत नसत, म्हणून आम्ही सगळ्याजणी ते बाहीवर लावत असू.

बुधवार, ९ ऑक्टोबर

दुकानाची एक पद्धत कळली. कोपऱ्यात एक मशीन उभं असतं, त्याच्या कपाळावर लाल चिकटपट्टी. त्याला हे लोक 'दाता' म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही मशीनला काही कमी पडलं की दात्याचं काढायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. एका वेळी दाता एकच. आणि लावलेली पट्टी कधी काढायची नाही. मर्ल म्हणाला, "दाता भंगारात जातो ना, तोसुद्धा पट्टीसकट. निदान तेवढा तरी मान ठेवतो आम्ही." आणि स्वतःच पोट हलवून हसला.

सध्याचा दाता म्हणजे कुस्तीच्या खेळाचं एक काळं मशीन. पण ते मुळातलं कुस्तीचं नाहीच. दोन्ही बाजूंना ब्रशने काळा रंग फासलाय, बटणांसाठी नंतर भोकं पाडलीत, पुढची काच दुसऱ्याच मशीनची आहे. पूर्वी खेळ चालेनासा झाला की मालक असंच करत. जुना बोर्ड फेकायचा, नवा घालायचा, वरून काळा रंग.

मी नखाने थोडा रंग खरवडला. खाली लाल रंग होता, सुंदर, पिकल्या चेरीसारखा.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

जेवायला तिघे बंदरावर गेलो. तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर. तिथे मी विषय काढला. म्हटलं, मागच्या फळीवर जुनं नाव वाचलं, ते काळं मशीन मुळात दीपगृहाच्या खेळाचं आहे, वादळात जहाजं बंदराला लावायची असा तो खेळ. आता फार थोडी शिल्लक आहेत. आपण ते मूळ रूपात आणू.

मर्लला ठसका लागला. म्हणाला, "अगं, त्याच्यात आहे काय? पिक्चर ट्यूबचा लाल रंग गेलाय, स्पीकर मी काढला, जॉयस्टिक मी काढली, स्मृतीची चिपसुद्धा मीच काढली. तुझ्यासारखी माणसं मढ्याचेपण केस विंचरतील!"

मला राग आला. आमचा कारखाना बंद झाला तेव्हा मशिनं अशीच सुटी सुटी करून नेली होती. डेलनेही तेच केलं. ज्याला त्याला तुकडेच हवे असतात. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा मोठ्यानेच. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

लेहतो माशाचे काटे काढत होते. मग म्हणाले, कर. पण पट्टी तशीच राहू दे. तेवढी जागा सोडून काम कर.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दिवसभर रंग काढत होते. डाव्या बाजूला आख्खं दीपगृह उघडं पडलं. लाल मनोरा, पिवळा झोत, खाली हिरव्या लाटा. चित्र काढणाऱ्याने प्रत्येक लाटेला फेस काढलाय. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं.

चित्राचा वरचा कोपरा नेमका पट्टीच्या बाजूवर वळलेल्या टोकाखाली होता. लेहतोंचं म्हणणं मला अंधश्रद्धेसारखं वाटलं. पट्टी सोलून काढली आणि सवयीने बाहीवर लावली. तेवढ्यात कोरीनचा फोन आला, तिच्या ऑफिसातल्या भानगडी ऐकत बसले, आणि पट्टी कुठे गेली ते विसरूनच गेले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

नवल झालं. सकाळी मशीन चालू केलं तर पडद्यावर लाल रंग होता. ट्यूब बदलली नाही, काहीच केलं नाही. मर्ल बघत राहिला. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आपल्या कामाला लागला.

मला मात्र तो लाल फारसा जाणवेना. करडाच वाटला. मर्लने 'लाल' म्हटलं म्हणून लाल.

दुपारी सामान आणायला गेले तर मेन स्ट्रीटच्या सिग्नलवरून सरळ पुढे गेले. समोरून ट्रकवाल्याने हॉर्न दिला, शिव्या दिल्या. मी खरंच सांगते, वरचा दिवा विझलेला होता. तिथे थांबून पुन्हा पुन्हा बघितलं. हिरवा लागतो. मग पिवळा. मग काहीच लागत नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं. म्हणाला, लाल दिसत नसणारे लोक जन्मापासूनच तसे असतात, एका दिवसात असं होत नाही. दुसऱ्या मोठ्या डॉक्टरकडे जा.

परत आले तर मशीन गात होतं. जाड, घुमणारं संगीत. मागची फळी उघडून बघितली. स्पीकरच्या जागी नुसतं भोक आहे.

मर्ल येऊन काहीतरी बोलला. ओठ हलले. आवाज आला नाही. लेहतोंचा आवाज येतो, कारण तो चिरका आहे. जाड असं काहीच ऐकू येत नाही. बंदरावरचा भोंगा नाही, ट्रक नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मर्ल माझी खुर्ची घेऊन गेला. विचारलं नाही. लेहतोंनी माझ्या पेटीतला चांगला चिमटा घेतला. दुपारी माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच मर्ल माझ्यासमोर उभा राहून खात होता, उद्धटपणे नाही, सहज. आपलंच असल्यासारखं.

मी ओरडले. तो काही बोलला. ऐकू आलं नाही म्हणून त्याने बोटाने दाखवलं. माझी बाही.

करड्या शर्टवर करडी पट्टी. मला दिसलीच नव्हती. इतके दिवस.

ओढून काढली. कचऱ्यात टाकली.

रविवार, २० ऑक्टोबर

सकाळी धुतलेला दुसरा शर्ट घातला. बाहीवर पट्टी आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

डावा हात मनगटातून लुळा पडलाय. खाली मशीनची जॉयस्टिक, जी नाहीच, तिच्या जागी काहीतरी ताठ उभं आहे. हलवून सोडलं की परत मध्ये येतं. छान स्प्रिंग आहे.

लेहतोंना गाठलं. म्हटलं, तुम्ही काढा ही पट्टी. ते मागे सरकले. मग सांगितलं, मान खाली घालून. ज्याची पट्टी काढली त्याचं गेलेलं परत येतं. ज्याने काढली त्याच्याकडून येतं. आणि ज्याची आहे त्याला स्वतःची काढता येत नाही. त्यांच्या थोरल्या भावाने, वायनोने, याच मशीनची काढली होती. मग भाऊ याच दुकानात, याच बाकावर, रोज थोडा थोडा कमी होत गेला. रोज विनवण्या करायचा. तो गेला त्या सकाळी मशीन पुन्हा मेलेलं होतं आणि पट्टी मशीनच्या कपाळावर परत.

मी विचारलं, तुम्ही सख्ख्या भावाची काढली नाहीत?

म्हणाले, "नाही काढली. म्हणून तर आज तुझ्यासमोर उभा आहे."

मग मला आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, सांगितलं होतं, पट्टी राहू दे. शिवाय शनिवारी क्लीव्हलंडचा माणूस मशीन बघायला येतोय. काम फार सुंदर झालंय.

मंगळवार

जाळायला गेले मशीन. रॉकेल ओतलं. काडी ओढायला दुसरा हात लागतो. मर्ल आला, डबा काढून घेतला, फडक्याने दीपगृह पुसलं. हळुवार. मला कधी कुणी तसं पुसलं नाही.

बुधवार

पूर्वी हे मशीन बंद केलं की खेळाडूंचे सगळे गुण विसरायचं. आता विसरत नाही.

मी विसरते. कारखान्याचं नाव. डेलचं आडनाव — माझंही तेच होतं ना. मागची पानं वाचून कळतं की मला मुलगी आहे, कोरीन.

गुरुवार

कुणीतरी काढली तर मी सुटेन. लेहतो काढणार नाहीत. मर्ल काढणार नाही. न विचारता माझ्या अंगावरचं काढणारं माणूस जगात एकच आहे —

नाही.

तिला कळवायचं, येऊ नकोस. नंबर आठवत नाही. फोनमध्ये आहे, पण फोन उघडायचे आकडे —

शनिवार

आली. फोन उचलला नाही म्हणून धावत आली. तिचा आवाज बारीक आहे, ऐकू येतो. मला बघून रडली. म्हणते, आई, हा झटका आहे, उद्या सकाळी दवाखान्यात नेते, अजिबात वाद घालू नकोस.

खाली क्लीव्हलंडचा माणूस हसत होता. मशीन घेतो म्हणाला.

तिला सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या बाहीला हात लावू नको. शपथ घातली. तिने मान डोलावली, लहान मुलाला डोलावतात तशी. वरून कोट घातला. पट्टी कोटावर आली. हात पाठीमागे ठेवून बसलेय. जवळ घेऊ दिलं नाही तिला. तोंड एवढंसं झालं तिचं.

झोपायचं नाही. ती इथे आहे तोवर झोपायचं नाही.

रविवार

झोपले. खुर्चीतच. सकाळ झालीय. अंगावर पांघरूण, कोरीननेच घातलं असणार, चौकटीचौकटीचं, लाल —

लाल.

दिसतंय. लाल दिसतंय. बंदराचा भोंगा ऐकू येतोय. डावा हात उचलला, उचलला गेला. डेल टोथ. महोनिंग इलेक्ट्रिक. सगळं आठवतंय. देवा.

बाही रिकामी आहे.

कोटावर एकही दोरा नाही, एकही केस नाही. सगळा स्वच्छ वेचलाय.

कोरीन खोलीत नाही. जिन्यात नाही. खिडकीतून बघितलं, तिची गाडी नाही. कॉफी आणायला गेली असेल, मेन स्ट्रीटला —

फोन उघडला. लावलाय. वाजतोय. ती उचलेपर्यंत लिहीत राहते. उचल. कोरीन, उचल.

उचलला. गाडीतच आहे. मी ओरडले, थांब, आहेस तिथे थांब. हसली. म्हणते, उठलीस का, आई? तुझ्या आवडीचे डोनट घेतलेत, आलेच. अगं, पण तुझ्या या गावात सिग्नल नीट करत नाहीत का, इथला वरचा दिवा तर विझले —