बघतो, असं म्हणायला हरकत नाही

१२ फेब्रुवारी

बाळांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणे, आमच्या मुलात, येल्मरमध्ये, ऑटिझमची लक्षणं दिसतात. हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवत नाही, डोळ्यांत बघत नाही. मी म्हटलं, बाई, या खोलीत बघण्यासारखं आहे काय? पांढऱ्या भिंती आणि तुम्ही. यिल्डाऊने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. बायकोला माझं स्पष्ट बोलणं कधीच आवडलेलं नाही.

आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात. माझे वडील तर अजून बोलत नाहीत. लिहून ठेवतो : यात काहीही नाही.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंना कळलं. फोनवर म्हणाल्या, मी तर डिसेंबरातच म्हणत होते. त्या सगळंच आधीपासून म्हणत असतात.

संकल्प : ९ जूनला येल्मरचा तिसरा वाढदिवस. नेहमीप्रमाणे अख्खं सासर बैठकीत गोल खुर्च्या मांडून, मांडीवर केकची बशी घेऊन बसणार. त्या गोलासमोर मी हाक मारणार आणि येल्मर वळून माझ्या डोळ्यांत बघणार. सासूबाईंचा केक घशातच अडकला पाहिजे. मी वीस वर्षं घरं विकतोय. दलदलीतलं घर ‘पाण्याकाठचं’ म्हणून विकलंय. दोन डोळे इकडून तिकडे वळवायचे, त्यात काय एवढं!

४ मार्च

खेळातून उपचार करणारी मुलगी आली. नाव मिर्ते. दोन पायांत दोन रंगांचे मोजे. आल्या आल्या जमिनीवर आडवी. येल्मर ट्रॅक्टर उलटा करून त्याचं चाक फिरवत होता, तर हिनेही एक गाडी उलटी केली आणि लागली चाक फिरवायला. तासभर! एवढं तर मलाही येतं.

जाताना म्हणाली, त्याला तुमच्याकडे ओढू नका, तुम्ही त्याच्या खेळात शिरा. हनुवटी धरून तोंड वळवू नका. गंमत करा, मग थांबा आणि वाट बघा. मी म्हटलं, गिऱ्हाइकासमोर असा वाट बघत थांबलो असतो तर उपाशी मेलो असतो. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी असावी.

११ मार्च

साबणाचे फुगे. फुंकायचे, थांबायचं आणि तो आणखी मागेल म्हणून वाट बघायची. मी थांबलो. तो नाही थांबला, ट्रॅक्टरकडे गेला. मग मी पुन्हा फुंकले आणि सोबत मोठ्याने गाणंही म्हटलं. त्याने कान झाकले. बाटली माझ्या पँटवर सांडली.

तरी एक फुगा त्याच्या नाकावर फुटला तेव्हा त्याने माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. दिशा बरोबर आहे.

२२ मार्च

दर शुक्रवारी मिर्तेला आमच्या खेळाचा व्हिडिओ पाठवायचा असतो. पहिला पाठवला. उत्तर आलं : डाऊवे, तुम्ही फार बोलता, येल्मरला तोंड उघडायला जागाच मिळत नाही.

अहो, मी गप्प बसलो तर या घरात बोलणार कोण?

२३ मार्च

अजून राग आहे.

५ एप्रिल

आठवडाभर येल्मरशी एक अक्षर बोललो नाही. शेजारी बसून चाक फिरवलं. गुडघ्यांची वाट लागली. आज हाक मारली. नाही. हळूच मारली. नाही. शेवटी चार पायांवर होऊन कुत्र्यासारखा भुंकलो. शेजारचे दे ब्रुइनकाका थेट खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिलं. त्याने नाही.

अंघोळ घालताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाम्पू गेला असणार. लावत त्याच्या केसांना होतो, पण उडतो तो. देवा, एकदा बघ म्हणावं याला. एकदाच. मी काय एवढा वाईट दिसतो?

१२ एप्रिल

सुचलं! इतके दिवस डोकं कुठे होतं कोण जाणे. घर दाखवताना गिऱ्हाइकाची नजर जिथे जायला हवी तिथे आपण फुलदाणी ठेवतो. नजर आपोआप जाते. इथेही तेच.

डोक्याला बांधायच्या दिव्याचा पट्टा घेतला. दिवा काढला, त्या जागी जुन्या ट्रॅक्टरचं चाक बसवलं. पट्टा माझ्या कपाळावर, फोन माझ्या खांद्यामागे. चाक फिरवलं आणि म्हटलं, येल्मर!

बघितलं. मान वर करून बघितलं आणि हसला! पुढचे दात दिसले.

व्हिडिओत माझा खांदा येतो आणि त्याचा चेहरा. चाक चौकटीबाहेर राहिलं, त्याला इलाज नाही. याला फसवणूक म्हणत नाहीत. चाक माझ्याच कपाळावर होतं आणि कपाळ डोळ्यांना लागूनच असतं. जाहिरातीत आम्ही याहून लांबचं स्टेशन ‘घराजवळ’ म्हणून लिहितो.

१५ एप्रिल

मिर्ते फोनवर आनंदाने अक्षरशः किंचाळली. यिल्डाऊने चीजच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो व्हिडिओ इतक्यांदा लावला की फोन बंद पडला. घरी आली ती माझ्या गळ्यातच पडली. लग्नातसुद्धा एवढी पडली नव्हती. म्हणाली, डाऊवे, मी तर आशाच सोडली होती रे.

मी सांगणारच होतो. पण तिने येताना तळलेली मासळी आणली होती. ती गरमच खावी लागते.

२९ एप्रिल

आणखी दोन व्हिडिओ झाले. दोन्ही उत्तम, उजेडही छान. मिर्ते म्हणाली, नवल आहे, माझ्यासमोर तो असं कधीच करत नाही. मी म्हटलं, बापाची गोष्ट वेगळी असते. तिने मान डोलावली. शिकेल हळूहळू.

६ मे

यिल्डाऊ आता कामावरून आली की कोटही न काढता त्याच्यासमोर फतकल मारून बसते. हाका, गुदगुल्या, गाणी. तो आपला चाकाशी. आज मला म्हणाली, तुझ्याकडे बघतो मग माझ्याकडे का नाही? नऊ महिने पोटात कुणी वागवलं याला?

मी तिला तंत्र समजावलं. थांब, म्हटलं, वाट बघ. फार बोलू नकोस. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. तिने उलट दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मे

यिल्डाऊ कपाटाकडे तोंड करून रडत होती. म्हणाली, मी लवकर कामावर गेले म्हणून असेल का? दिवसांत असताना माझं काही चुकलं का? मुलाला कळतं म्हणतात, कोण आपलं ते.

मी म्हटलं, अगं, या वयात मुलं आधी बापाची होतात, मग आईची. कुठून काढलं हे, देव जाणे. पण आवाज असा ठाम लागला की तिचा विश्वास बसला. तेच वाईट झालं.

गॅरेजमध्ये जाऊन पट्टा कचऱ्यात टाकला. मग परत काढला. आज शुक्रवार, व्हिडिओ पाठवायचा होता.

२७ मे

मिर्ते आली तशी यिल्डाऊ उठून वर गेली. जिन्यातून म्हणाली, तूच बस, त्याला मी नकोय. मिर्ते वर जाऊन बराच वेळ दाराशी बोलत होती. दार उघडलं नाही.

दुपारभर पट्ट्याशिवाय बसलो. हाक मारली, वाट बघितली, पुन्हा मारली. मी तिथे नव्हतोच जणू. घसा बसला. हे सगळं यिल्डाऊला सांगायचं आहे. सांगणार आहे. फक्त वाढदिवस होऊन जाऊ दे. चार माणसांत शोभा नको.

८ जून

उद्याची तयारी पक्की. येल्मरला दुपारी झोपवून ताजातवाना करायचा. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड माझ्या बाजूने येईल. त्याने मुळात उजेडाकडे पाहिलं तरी सासूबाईंना माझ्याकडेच वाटेल. ट्रॅक्टर माळ्यावर ठेवला. उद्या सगळं ठीक होणार.

९ जून

गोल भरला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. कॉफी झाली, केक वाटला. सासूबाई म्हणाल्या, काय डाऊवे, ती व्हिडिओतली जादू आम्हालाही दाखव की, का ती फोनातच चालते?

मी टोलवलं असतं. पण यिल्डाऊ केकची सुरी हातात घेऊन उठली आणि म्हणाली, आई, अशी बोलू नकोस. बघतो तो डाऊवेकडे. माझ्याकडे नाही बघत, पण डाऊवेकडे बघतो. हे ती अभिमानाने म्हणाली. त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी चहाच्या टेबलासकट आत गेलो असतो.

हाक मारली. येल्मर गालिच्यावर बसून बशी गरगर फिरवत होता. पुन्हा मारली. मेहुणा खाकरला. खाली बसलो, त्याच्या अगदी समोर. येल्मर, म्हटलं. राजा, म्हटलं. बाबा आहे रे मी. सासूबाईंनी कधी नव्हे ते बशीत बघायला सुरुवात केली. त्यांना माझी कीव आली होती. ते मात्र मला सहन झालं नाही.

उठलो, गॅरेजमध्ये गेलो, पट्टा कपाळाला बांधला आणि तसाच बैठकीत आलो. गोलाच्या मधोमध गुडघ्यांवर बसून चाक फिरवलं. येल्मर बशी टाकून आला. मान वर केली. हसला, अगदी व्हिडिओतल्यासारखा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. यिल्डाऊ आधी चाकाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

पाहुणे लवकर उठले. मी सगळ्यांना दारापर्यंत सोडलं, हात मिळवले, या पुन्हा म्हटलं. परत आल्यावर यिल्डाऊने माझ्या कपाळावरचा पट्टा काढून ओट्यावर ठेवला. एवढा वेळ मी तो घालूनच होतो.

वाटलं, आता घर सोडून जा म्हणेल. म्हणण्याचा तिला हक्क होता. तिने विचारलं, या चाकाशिवाय कधी बघितलं त्याने?

मी म्हटलं, नाही.

एकदाही?

एकदाही नाही, म्हटलं. मी रोज मारतो गं हाक.

ती फरशीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडायला लागली. मी सॉरी म्हणत राहिलो, तर मान हलवून म्हणाली, गप्प बस रे जरा. मला वाटत होतं, त्याला फक्त मीच नकोय.