दुलई अकोल्याला जाते

३१ ऑक्टोबर १८६४, सोमवार. पाडवा.
आजपासून रोजनिशी. थोर माणसं ठेवतात.
कचेरीतला कारकून सांगत होता, जानेवारीत अकोल्याला सरकार कापसाचं एक्झिबिशन भरवणार, इनामं देणार. अमेरिकेतल्या लढाईनं भाव चढला, त्यात यंदा माझ्या वलगावच्या शेतानं छप्पर फाडून दिलं आहे. पण कापूस काय, सगळेच विकतात. हा नत्थुजी त्याची कला करून दाखवील! एक दुलई. वऱ्हाडानं पाहिली नाही अशी. आधी अकोल्यात फर्स्ट प्राइझ, मग नातवाच्या अंगावर. लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला सासरहून, हिवरखेडहून, पौषाआधी येईल. आजोबाची दुलई पांघरून बाळ निजलं आहे, या विचारानं डोळे भरून आले.
बायकोला, कौशल्येला, सांगितलं. ती म्हणाली, "दिवा सरकवा, धोतर पेटन."

६ नोव्हेंबर, रविवार
ओसरीच्या भिंतीवर कोळशानं डिझाइन काढलं. मध्ये अमरावतीचा कापूसबाजार, चार कोपऱ्यांत बैलगाड्या, वर आगगाडी. आगगाडी अजून इकडे आलेली नाही, मीही पाहिलेली नाही. कलावंताला पाहावं लागत नाही.
कौशल्या बाळाच्या गोधडीसाठी जुनी लुगडी फाडत बसली होती. थांबवलं. यंदाचा भाव पाहिलेल्या माणसाचा नातू चिंध्यांत निजणार? तिचं म्हणणं, "लेकराले जुनं मऊ फडकंच लागते. नवं अंगाले लावत नाई, अन् ते टोचतेबी." अडाणीपणा. म्हटलं, विलायती कापड आणतो. म्हणाली, "आना. मले काय."
संमती मिळाली.

१७ नोव्हेंबर, सकाळी
सूर्यभान शिंप्याला बोलावून घेतलं. कापड लाल, निळं, पिवळं. खळ इतकी की भिंतीला टेकवलं तर उभं राहतं. याला म्हणतात क्वालिटी.
ठराव: रोज सकाळी दोन तास स्वतः शिवणार. एक दिवस चुकणार नाही.

१७ नोव्हेंबर, थोड्या वेळानं
बोटात सुई गेली. कलावंतानं हात जपावेत. शिवणं सूर्यभानकडे, सुपरविजन माझ्याकडे.

१ डिसेंबर, गुरुवार
बैल झाले. डुकरं वाटतात. सूर्यभानला बोललो तर म्हणे, "मालक, तुमी काढले तसेच कापले." कारागिरांत नम्रता म्हणून राहिली नाही. बैल रद्द, आगगाडी मोठी. त्यानं विचारलं, "तिले चाकं किती असतात?" म्हटलं, पुरेशी.

१० डिसेंबर
वच्छला आली. तोंडावर काय तेज! दुलई पाहून बिचारीनं तिच्याभोवती दोनदा फेरी मारली. भारावली असावी. मग म्हणाली, "बाबा, हे बैलाची झूल हाय का?"
दिवस गेले की पोरींची नजर मंदावते.

१४ डिसेंबर, बुधवार
आत भरायला कापूस हवा. नवा सगळा व्यापाऱ्याला द्यायचं बोलून बसलो. शिवाय असल्या भावाचा कापूस दुलईत कोंबणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं. दुपारी आयडिया सुचली. घरात गाद्या, उशा, रजया नुसत्या पडून आहेत! सगळ्यांची पोटं उसवली, पिंजाऱ्याला बोलावून एकत्र पिंजून घेतलं. एका उशीत सरकी निघाली. वडिलांच्या गादीतला कापूस पार पिवळा पडलेला. असू दे. आत कोण बघतो?
कौशल्या रिकाम्या खोळांकडे पाहत होती. "अन् आता निजाचं कायवर?" महिन्याचा तर प्रश्न आहे. प्राइझ मिळालं की सगळ्या नव्या. तोवर तिला समजावलं की थंडी ही मनाची समजूत असते.

१६ डिसेंबर
समजूत फार वाढली आहे. गोणपाट घेऊन निजलो.

२७ डिसेंबर
सर्दी. कौशल्या दुपारी वच्छलेजवळ बसून काहीतरी शिवत असते, मी गेलो की पदराखाली घालते. मत्सर वाईट. मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी १८६५, संक्रांत
दुलई पूर्ण! घडी होत नाही. दोघांनी उचलून उभी ठेवावी लागते. आगगाडी सूर्यभानला चुलीवरच्या हंड्यासारखी दिसते. त्यालाही तिळगूळ दिला.

१८ जानेवारी, पहाटे
निघालो. कौशल्या म्हणाली, "पोरीचे दिवस भरले, अन् तुमी गाव सोडून जाता?" म्हटलं, बाळासाठीच तर चाललो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा जीव खालीवर झाला. पण प्राइझ घेऊन आलो की तिलाच अभिमान वाटेल.

२३ जानेवारी, अकोला
मोठाच मांडव. दोन साहेब आले, माझ्या दुलईपुढे थबकले. चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. एकानं खिशातून चाकू काढला, टर्रकन कोपरा फाडला, आतला कापूस चिमटीत ताणून दुसऱ्याला दाखवला. दुसऱ्यानं भुवया वर केल्या. मग हुकूम: ही मधल्या मेजावर मांडा!
शेंदूरजनाघाटच्या एका पाटलाचा दुधासारखा कापूस कोपऱ्यात पडला आहे. वाईट वाटलं त्याच्यासाठी.

२४ जानेवारी
गर्दी फक्त माझ्या दुलईपाशी. कचेरीतला एक शिरस्तेदार काठीनं दाखवत काही सांगत होता. स्तुती कानांनी ऐकावी म्हणून लोकांत घुसलो.
"नीट पाहा," तो सांगत होता. "जुना, पांढरा, पिवळा, सरकीवाला, सारा एकात. भेसळ म्हनतात ते हेच. असा कापूस गठ्ठ्यात भरसान त तुरुंगात जासान."
लोक खो खो हसले. मीही हसलो, जरा जास्तच. एकानं विचारलं, कोन्या शहाण्याची हाय? उत्तर ऐकायला थांबलो नाही. गाडी जुंपायची होती. दुलई परत मागणं प्रशस्त वाटलं नाही.

२८ जानेवारी, घरी
नात झाली! मी वाटेत असतानाच. मूठभर, लालबुंद, आवाज मात्र पाटलिणीचा. कौशल्येनं गुपचूप शिवलेल्या गोधडीत निजली आहे. त्यात तिची लुगडी, माझा जुना पटका. गाल लावून पाहिला. इतकं मऊ असतं, मला माहीत नव्हतं. नात जन्मली तेव्हा मी घरी नव्हतो, याचं फार वाईट वाटलं.
दुलईचं विचारलं कौशल्येनं. म्हटलं, सरकारनं ठेवून घेतली.

५ फेब्रुवारी, रविवार. बारसं.
हिवरखेडचे व्याही पंजाबराव आले. गोणपाटावर बसवावं लागलं. म्हटलं, अमरावतीत सध्या हीच फॅशन आहे. पाणी नको, पानसुपारी नको, आल्या आल्या बोलायलाच लागले. "वाटेत अकोल्याले एक्झिबिशन पाह्यलं बाप्पा! एक दुलई होती भेसळीची, लोक हसू हसू लोळून रायले होते. इथल्याच कोन्या तरी येड्याची म्हने. तुमी ओयखत असान."
म्हटलं, अमरावती फार मोठी आहे.
वच्छलेनं बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड केलं. कौशल्येनं पदर तोंडात कोंबला, तिचे खांदे हलत होते. खोकला झाला असावा तिला. थंडी आहे, आणि घरात पांघरायला काही नाही.