डुकरांचा बिनविरोध कोतवाल

ईस्ट थॅरो, न्यू हॅम्पशर
मे महिन्याचा पहिला आठवडा

आदरणीय सासूबाई यांस,

(‘मिसेस वेदरबी’ असं लिहून एक कागद फाडला, ‘ऑगस्टा’ असं लिहून दुसरा फाडला, दुसरा तर आपल्या लेकीच्या, प्रूच्या, नजरेला पडण्याआधी शेगडीत टाकला. आता वर जे लिहिलं आहे ते निदान कायद्याने खरं आहे, तेव्हा राग आला तरी तसंच राहू द्यावं.)

एल्डन पिंकमचा सविनय नमस्कार. फ्लोरिडाची हवा मानवत असेल, गुडघा वाकत असेल, आणि शेजारच्या बाईंचं पहाटे मोठ्याने रेडिओ लावणं आपण एव्हाना कायमचं बंद केलं असेल, याबद्दल मला शंका नाही. इकडे सर्व कुशल. बर्फ गेलं, चिखल आला, आता चिखलही जायच्या बेतात आहे. आपण पाठवलेली संत्र्यांची पेटी सुखरूप पोचली. पेटीवर फक्त प्रूचं नाव होतं, ही गोष्ट टपालवाल्याने माझ्या लक्षात आणून दिली, आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये आणखी बऱ्याच जणांनी.

आपण लग्नाला आला नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याविरुद्ध राज्याच्या विधानसभेला मी जितक्या वेळा उभा राहिलो तितक्या वेळा आपण मला झोपवलंत (शेवटच्या खेपेला तर लोकांनी गंमत म्हणून मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिलेला ऑर्म्सबींचा कुत्रा मतांत माझ्या इतका जवळ आला होता, की फेरमोजणीची कुजबुज झाली). अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर आपल्याच मुलीला मागणी घालावी, हे कोणालाही पचायला जडच जाणार. ‘मतपेटीतून येता आलं नाही, म्हणून स्वयंपाकघरातून आला,’ हे माझ्याबद्दलचं आपलं वाक्य इथपर्यंत पोचलं. वाक्य चांगलं आहे. हसायला येत नाही, पण चांगलं आहे. मात्र दर वर्षी मे महिन्यात आपण गावी परतता, आणि यंदा ‘मी येणार नाही, टेकडीवरच्या घराचं काय करायचं ते बघू’ असं प्रूला कळवलंत, ते वाचल्यापासून ती भांडी जरा जास्तच आवाज करत घासते. बोलत काहीच नाही. वेदरबींच्या घरात न बोलण्याचा अर्थ काय असतो हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा आपण यावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. (एवढ्यासाठीच नाही, पण त्याकडे वळेन.)

तर झालं असं. मार्चमधल्या वार्षिक ग्रामसभेत तीन गावपंचांपैकी एकाची जागा रिकामी होती, आणि हवा माझ्या बाजूने आहे असं मला वाटलं. (अशी हवा मला दर वर्षी वाटते. प्रू म्हणते, खिडकी लाव.) नावं सुचवायची वेळ आली तेव्हा मनात आलं, आपलं कौतुक चाललेलं असताना आपणच समोर बसून ऐकणं बरं दिसत नाही. म्हणून मी अगदी विनयाने उठलो आणि मागच्या खोलीत गेलो. तिथे चर्चच्या बायकांनी मेपलचा केक मांडला होता. आता सभेत ज्याची खुर्ची रिकामी दिसेल त्याच्या गळ्यात काम पडतं, हे ईस्ट थॅरोतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण केक चांगला होता आणि दुसऱ्या तुकड्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला, तसा मी ओठ पुसले, चेहऱ्यावर आश्चर्य आणलं आणि आत गेलो. सभाध्यक्ष ऑर्म्सबी म्हणाले, “या एल्डन, या! गावाने एकमताने तुला डुकरांचा कोतवाल केलंय.”

वर्षभरात ज्याचं लग्न झालं त्या नवऱ्यामुलाला हे पद द्यायची आपली जुनी रीत मी विसरलोच होतो. एरवी कोणीतरी विशीतला पोरगा लाजून लाल होतो आणि गाव हसतं. यंदा टक्कल लाल झालं. मोकाट डुकरं पकडायची, कोंडवाड्यात घालायची आणि नुकसानीचा निवाडा करायचा, एवढंच काम. आणि गावात कित्येक वर्षांत डुक्कर नाही. सगळे पोट धरधरून हसले. पण बायबलवर हात ठेवून शपथ घेताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सासूबाई. आयुष्यात पहिल्यांदा निवडून आलो होतो, तेही एकमताने. मी घरी जाऊन गावाच्या जुन्या कायद्यातलं डुकरांचं कलम पाठ केलं. यात विनोद काय आहे, हे मी प्रूला विचारलं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ खोकत राहिली.

आता आपले जुने स्नेही (हा शब्द मी सवयीने वापरला, क्षमा असावी) सिनेटर लायमन ट्रस्कॉट यांच्याकडे वळतो. वॉशिंग्टनमध्ये उभी हयात घालवून साहेब गेल्या हिवाळ्यात कायमचे गावी आले, हे आपल्या कानावर असेलच. आठवणी लिहायला बसले होते, पण स्वतःच्या जन्माच्या प्रकरणातच इतके रमले की पुढे सरकेनात. मग मन रमवायला त्यांनी तीन दुर्मीळ जातीच्या डुकरिणी आणल्या. ज्या समित्यांचं अध्यक्षपद भूषवलं त्यांची नावं त्यांना ठेवली: अर्थ, शेती आणि परराष्ट्र व्यवहार. कुंपण साहेबांनी स्वतः घातलं. एका बाजूला शेजाऱ्यांना आवडेल असं लाकडी, दुसऱ्या बाजूला स्वस्तातलं तारेचं, आणि तिसऱ्या बाजूबद्दल सर्वांशी चर्चा करून ठरवू म्हणून ती मोकळी ठेवली. एप्रिलमध्ये एके सकाळी परराष्ट्र व्यवहार त्या मोकळ्या बाजूने बाहेर पडली आणि बाकीच्या दोघी तिच्या मागोमाग.

त्या थेट टेकडीवर, आपल्या घरामागे गेल्या. सासूबाई, हे वाचताना आपण बसलेल्या असाल अशी आशा आहे. आपला शतावरीचा वाफा गेला. पूर्ण गेला. मुळासकट.

मी गेलो तेव्हा प्रू पायरीवर बसून रडत होती. तिला मी लग्नातही रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, “आईने हा वाफा मी जन्मले त्या वर्षी लावला होता, दर मे महिन्यात भाजीचे कोंब कापायलाच ती येते. आता तिला परत यायला काय कारण उरलं?” भाषणं मला पुष्कळ येतात, पण ती अशा वेळी कामाची नसतात. मी पदाची शपथ आठवली आणि डुकरांच्या मागे लागलो. त्या पाठलागाचं वर्णन मी करणार नाही. पोस्टातल्या बाईंनी तो फोनवर टिपला आहे आणि आपल्यापर्यंत पोचला नसेल तर आता पोचेल. एवढंच सांगतो की माझा एक बूट अजून त्या चिखलात आहे, आणि तिघी जणी संध्याकाळपर्यंत स्मशानाशेजारच्या दगडी कोंडवाड्यात बंद झाल्या.

शनिवारी निवाडा. सारं गाव गुडघ्यापर्यंतचे बूट घालून कोंडवाड्याभोवती जमलं, कोणीतरी डोनट आणले, ऑर्म्सबींनी खुर्ची आणली. सिनेटरसाहेब लांब कोट घालून आले आणि कुंपणापलीकडच्या डुकरांकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू त्यांची नुकतीच ओळख करून दिली आहे. मला म्हणाले, “पिंकम, मी तीन राष्ट्राध्यक्षांना तोंडावर नाही म्हटलंय. तुम्ही कोण?” मी म्हणालो, “मी डुकरांचा कोतवाल.” यावर लोक हसले नाहीत, हे मला नमूद करायचं आहे. मग मी विचारलं, डुकरं तुमची का? साहेबांनी प्रश्नाबद्दल माझे आभार मानले. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणाले. मग आपल्या आजोबांनी याच मातीत नांगर कसा धरला तिथून निघाले ते दोन पूल, एक महामार्ग आणि शांततेचा एक करार पार करून ‘तरुण पिढी’पर्यंत आले. डोनट संपले. मला स्वतःलाच वाटू लागलं की डुकरं बहुधा माझीच असावीत. (इथे कबूल करतो की भाषण सुंदर होतं. मी मनात दोन वाक्यं टिपूनही ठेवली.)

आणि मग प्रू पुढे आली. सासूबाई, आपण तिला ओळखता. आवाज चढवत नाही. तिने शांतपणे विचारलं, “ट्रस्कॉटसाहेब, डुकरं तुमची का?” साहेब म्हणाले, “बेटा, या गोष्टीला अनेक बाजू आहेत.” प्रू म्हणाली, “तुमच्या कुंपणाला त्याहून कमी आहेत. डुकरं तुमची का?” साहेबांनी तोंड उघडलं. तिने हात कमरेवर ठेवले आणि मान किंचित वाकडी केली. अगदी तशी, जशी आपण माझ्यासमोर प्रत्येक जाहीर वादविवादात करायचात. खुर्चीतून ऑर्म्सबी पुटपुटले, “अरे देवा, ऑगस्टा!” कोंडवाड्यात अर्थ घुरघुरली. शेवटी सिनेटरसाहेब म्हणाले, “हो. माझी.”

लोकांनी टोप्या उडवल्या. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून कोणी ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकलं नव्हतं. स्वतः साहेबांच्या चेहऱ्यावर इतका हलकेपणा आला की मला वाटतं त्यांनाही ते आवडलं असावं.

निवाडा मी दिला तो असा: पैसा नको. साहेबांनी आपल्या हाताने वाफा खणावा, शतावरीचे नवे गड्डे लावावेत, आणि पहिली भाजी कापण्याजोगी होईपर्यंत तण काढावं. आपल्याला ठाऊकच आहे की नव्या शतावरीला तोवर तीन वर्षं लागतात. साहेबांना ठाऊक नव्हतं, सही केल्यावर कळलं. तेव्हापासून ते रोज सकाळी टेकडीवर येतात. परवा मला म्हणाले, “एल्डन, आयुष्यात पहिल्यांदा असं काही करतोय जे दुसऱ्या दिवशी जागेवर असतं.” वाफा सरळ नाही, डावीकडे झुकला आहे (ते त्यांच्या पक्षाला शोभत नाही असं ऑर्म्सबी म्हणतात), पण कालच पहिला कोंब वर आला. माझ्या करंगळीहून बारीक. प्रू त्याच्याजवळ उकिडवी बसून राहिली होती.

आता तण नीट निघतं की नाही हे बघायला कोणीतरी अधिकारी माणूस तिथे हवा. मी फक्त डुकरांपुरता अधिकारी आहे. शतावरीचा अधिकार आपला.

त्या शनिवारपासून गावात आणखी एक बोलणं चालू आहे, तेही सांगून टाकतो. आपण सोडल्यापासून विधानसभेच्या त्या जागेवर जो माणूस बसतो तो यंदा उभा राहणार नाही. जूनच्या सुरुवातीला नावं द्यायची आहेत. आणि लोक आपणहून, दुकानात, पेट्रोलपंपावर, एक नाव घेत आहेत. नाव पिंकम आहे. आपण लगेच कपाळाला हात लावू नये.

प्रकृतीस जपावं. आपला, आपण मानलं तर जावई,

एल्डन पिंकम
डुकरांचा कोतवाल, ईस्ट थॅरो

ता. क. आता हात खाली घ्यावा. ते नाव प्रू पिंकम आहे. मलाही दोघांनी उभं राहा म्हटलं होतं, त्यांतले एक सिनेटरसाहेब, आणि त्यांना माझे जुने निकाल अजून ठाऊक नाहीत. मी त्या जागेसाठी पुन्हा कधीही उभा राहणार नाही, हे मी गावाच्या कारकुनासमोर सांगून आलो आहे, म्हणजे आपलं ते स्वयंपाकघराचं वाक्य आपल्याला परत घेता येईल. माझ्या जुन्या प्रचाराच्या पाट्या मात्र फुकट जाणार नाहीत: ‘पिंकम’ आहे तसंच राहतं, फक्त ‘एल्डन’वर रंग द्यायचा आहे. तो मी दिला. वाटलं तेवढं दुखलं नाही.

पुन्हा ता. क. अडचण एकच आहे. ती नाव द्यायला तयार नाही. म्हणते, “आईच्या खुर्चीत आईला न विचारता बसणार नाही,” आणि विचारायला फोनही उचलत नाही, कारण तो आधी कोणी उचलायचा यावर तुम्हा दोघींचं गेल्या शरदापासून अडलं आहे. जून जवळ आला. मी आयुष्यभर आपल्याकडे मत मागितलं आणि आपण ते एकदाही दिलं नाहीत. आता माझ्यासाठी मागत नाही. या, आणि नाव देताना तिच्या शेजारी उभ्या राहा.

आई, याने पत्र मेजावर ठेवून हळूच बाहेर जायचं नाटक केलं, म्हणजे मी ते वाचावं. वाचलं. एक गोष्ट त्याने लिहिलेली नाही. ती पेटी आल्यापासून याने एकही संत्रं खाल्लं नाही. माझ्या नावावर आहेत म्हणतो. सोलून मला देतो आणि साल हुंगत बसतो. पुढची पेटी दोघांच्या नावाने पाठव. नाहीतर टपालावर विसंबू नकोस, तूच घेऊन ये.

प्रू