पुढच्या खोलीची अट

मी, देवाजी मारोतराव गणवीर, वय वर्षे एकोणसत्तर, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार धरमपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना आणि दुपारचे जेवण उत्तम झाले असता करीत आहे. मिळकतीची व्यवस्था लावणे हा याचा एक हेतू. दुसरा हेतू पुढील प्रतिज्ञा सिद्ध करणे हा होय : जो देताना अट घालतो, तो देत नाही, राज्य करतो. ही प्रतिज्ञा मी राष्ट्रांविषयी मांडत आहे.

कलम १. टपाल कार्यालयातील ठेव पत्नी भीमाबाई हिला मिळावी. ती कशी खर्चावी याविषयी काही सूचना करणार होतो. तिने माझ्याकडे पाहिले, सबब करीत नाही.

कलम २. राहते घर कन्या प्रेमिला हिला मिळावे. मात्र पुढची खोली माझ्या ग्रंथांसाठी आहे तशीच राखावी. तीत दुकान काढल्यास घर पुतण्या चंद्रभान याजकडे जावे. (प्रेमिला त्या खोलीत संत्रा बर्फीचे दुकान काढू म्हणते. तूप आणि ग्रंथ यांचे सख्य नसते.)

कलम ३. माझ्या मेजावरील पितळी पाटी श्री. भैय्याजी यांना मिळावी. तिची हकीकत हेच माझ्या प्रतिज्ञेचे उदाहरण आहे.

सन १९६४ मध्ये आमच्या संत्रा बागायतदारांच्या सोसायटीला एका श्रीमंत देशाने रस काढण्याचे यंत्र दिले. त्यावर 'मैत्रीची भेट' अशी ही पाटी होती. करार वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. डबे त्यांच्याच देशातून आणावेत, सुटे भाग त्यांचेच वापरावेत, दुरुस्ती त्यांच्याच तज्ज्ञाने करावी आणि रस त्यांच्याच कंपनीला, तिने ठरवलेल्या भावाने विकावा. ही भेट नव्हे, असे मी सभेत म्हणालो. सोसायटीचे चिटणीस भैय्याजी उठले : "सर, धर्माच्या गाईचे दात काहून मोजून राहिले तुम्ही?" सभा हसली आणि करार मंजूर झाला.

ऐन बहारात यंत्राचा पट्टा तुटला. तसा पट्टा कामठी रोडवरच्या कारखान्यात सहज तयार झाला असता. करारात मनाई होती. त्यांचा पट्टा समुद्रात जहाजावर, आणि इकडे संत्र्यांचे ढीग. भीमाबाई म्हणाली, "जहाजाची वाट पाहत बसान तं संत्र्याले पाय फुटतीन. कढया काढा." सोसायटीतल्या बायका जमल्या, खवा आला, आणि आमच्या अंगणाचे लग्नघर झाले. बर्फी कढईतून उतरताच विकली जाई.

पट्टा घेऊन परदेशी तज्ज्ञ आला, तो अंगणातच बसला. भला माणूस होता. पोटभर बर्फी खाऊन त्याने कृती मागितली. मी तत्काळ कराराचा मसुदा केला : खवा नागपूरचाच घ्यावा, बर्फी आमच्याच नावाने विकावी. भीमाबाईने तो मसुदा चुलीत सारला आणि हातवारे करून त्याला सगळी कृती सांगितली. "घे गा भाऊ, तुह्या बायकोले सांगजो. नाही जमलं तं पुन्हा येजो." त्याला मराठी कळत नव्हते, तरी त्याने मान डोलावली.

पुढल्या वर्षी सोसायटीने यंत्र परत केले. भैय्याजींनी पाटी उखडून माझ्या हाती दिली : "घ्या सर, गाईचा दात." तो दात मी परत करीत आहे. लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून त्यांची सही येथे नाही. अन्यथा त्यांनी सहीपूर्वीही वाद घातला असता.

स्थळ : नागपूर. दिनांक : ३ फेब्रुवारी १९७९.
सही : देवाजी मारोतराव गणवीर
साक्षीदार : १. मनोहरराव सहारे, शेजारी. २. अंजनाबाई मेश्राम, शेजारीण (हसू आवरत नसल्याने सही वाकडी आली आहे).

पुरवणी. सह्या होण्यापूर्वी हे मृत्युपत्र मोठ्याने वाचले. कलम २ ऐकून प्रेमिला ताटे आवरू लागली. भीमाबाई म्हणाली : "पोरीले घर देऊन राहिले का यंत्र? डबे कोन्या देशातून आणाचे, तेबी लिहून टाका." अंजनाबाईंचे हसणे तेव्हा सुरू झाले. प्रेमिलाचेही.

मी लेखणी पुन्हा हाती घेतली.

कलम २ मधील "मात्र" पासून पुढील सर्व मजकूर, कंसासह, मी खोडला आहे; खाडाखोडीशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. घर प्रेमिलाचे, पुढच्या खोलीसह. ग्रंथ कोठे ठेवावेत ते ती ठरवील.

ती अट ही माझी चूक होती. प्रतिज्ञा सिद्ध झाली.

सही : देवाजी मारोतराव गणवीर